पूजेत ठेवलेली फ्लॉपी

लॅमिंग्टन रोडवरच्या त्या अरुंद दुकानात मंजुळाने तोच प्रश्न पुन्हा एकदा विचारला, आणि तिच्या पाठीमागे कोणीतरी हसले. मोठ्याने नव्हे — ओठ मिटून धरले तरी निसटते, तेवढेच. पण तिचे कान तापायला ते पुरेसे होते.

प्रश्न साधा होता. तिच्याजवळ एक लेझर प्रिंटर होता आणि तो विंडोजच्या जुन्या, तीन पॉइंट एक या आवृत्तीवर चालेल असा ड्रायव्हर तिला हवा होता. दुकानदाराचे उत्तर त्याहून साधे होते. विंडोज पंच्याण्णव घाला ताई, असे तो म्हणत होता. तीन पॉइंट एक आता वापरतो कोण? मंजुळा वापरत होती. फोर्टातल्या एका बंद होणाऱ्या ऑफिसातून तिने संगणक आणि प्रिंटर जोडीने आणले होते. त्यांच्या सोबतच्या फ्लॉप्या मात्र त्या ऑफिसच्या आवराआवरीत कुठे गेल्या, ते कोणालाच ठाऊक नव्हते. आणि संगणकाची स्मरणशक्ती इतकी तोकडी, की पंच्याण्णव त्यात शिरले असते तर शिरल्या जागी बसकण मारून राहिले असते.

तिने वळून पाहिले. खांद्याला जडशी पिशवी, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, उन्हाने रापलेला चेहरा, आणि त्या चेहऱ्यावर घाईघाईने आणलेला गंभीरपणा.

“हसायला काय झालं?”

“तुम्हाला नाही हसलो,” तो म्हणाला. “याला हसलो. हा ज्याला भंगार म्हणतो ना, त्याच्यावरच माझं पोट चालतं.”

त्याचे नाव जगन. राहायला वरळी कोळीवाड्यात, नोकरीला दादरच्या एका कंपनीत. जुने संगणक ऑफिसा-ऑफिसांत जाऊन दुरुस्त करणे हे त्याचे काम. बॅलार्ड पियरला एका जहाज कंपनीत नेमका हाच प्रिंटर याच विंडोजवर चालू आहे, असे त्याने सांगितले. तिथून ड्रायव्हर फ्लॉपीवर उतरवून आणता येईल. ड्रायव्हर म्हणजे तरी काय — एक लहानसा प्रोग्राम. संगणक एक भाषा बोलतो, प्रिंटर दुसरी. मध्ये दुभाषी नसेल तर दोघे आपापल्या जागी शहाणे, आणि एकत्र आले की ठार मुके.

उद्या संध्याकाळी येतो, असे म्हणून त्याने पत्ता विचारला.

“डिलाईल रोड. वेतोबा मुद्रणालय. कोणालाही विचारा.”

“कोणाला कशाला विचारू? तुम्ही दारात उभ्या असालच की.”

“दारात पाटी आहे,” मंजुळा म्हणाली. “तिला विचारा.”

ती तरातरा निघून आली खरी. पण बसमध्ये बसल्यावर खिडकीच्या काचेत तिला आपलेच तोंड हसताना दिसले.

मंजुळाच्या तातडीला कारण होते. तिचे वडील दत्ताराम हे गिरणीत मागांचे फिटर. संप फिसकटला, गिरणी उघडली नाही ती नाहीच, आणि मेहुण्याचा छोटा छापखाना त्यांनी चालवायला घेतला. एक पायाने चालवायचे ट्रेडल मशीन, शिशाच्या अक्षरांचे खिळे ठेवायच्या चार कप्पेदार केसी आणि लग्नपत्रिका, बारशाची आमंत्रणे, मंडळांची पत्रके. घर त्यावर बरे चालले. पण पुढे गिऱ्हाइकांना संगणकावरची अक्षरे हवीशी झाली. मंजुळाने हट्ट धरला, बापाने मानला. ट्रेडल मशीन गेले, खिळे भंगारात गेले, त्यांच्या जागी संगणक येऊन बसला. आणि गणपतीपासून आजवर त्याने एक अक्षर कागदावर उतरवले नव्हते. आजीच्या आजारपणासाठी कुडाळला गेलेली आई परतण्याचे नाव काढीना. मामाने तिकडे मंजुळासाठी एक स्थळही बघून ठेवले होते. शेवटी दत्ताराम म्हणाले होते, “दसऱ्याक ह्या यंत्रावर एक कागद छापून दाखव. नाय तर गाळो सोडूया आनि गावाक जावया.” दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गाळ्याचा मालक किल्ली न्यायला येणार होता. नकार द्यायला मंजुळाजवळ एकही छापलेला कागद नव्हता.

अष्टमीच्या संध्याकाळी जगन आला, तेव्हा ती दारात नव्हती. दाराच्या आतल्या बाजूला होती.

त्याने आधी संगणकाचे झाकण उघडले. प्रिंटरची तार ज्या कार्डाला लागत होती ते उपसून उजेडात धरले आणि एक खोडरबर मागितले. मंजुळाला वाटले, थट्टा चालली आहे. पण कार्डाच्या कडेला सोनेरी दातांची एक रांग होती आणि त्या दातांवर खाऱ्या हवेने काजळी धरली होती. त्याने एक बाजू खोडरबराने घासून लखलखीत केली आणि कार्ड तिच्यापुढे धरले. दुसरी बाजू तिने घासली. चुरा तिच्या ओढणीवर सांडला. तो झटकायला म्हणून जगनचा हात पुढे आला… आणि अर्ध्या वाटेवर, काही आठवल्यासारखा, थांबला. मंजुळाने ओढणी स्वतःच झटकली. जरा उशिराच झटकली.

मग विंडोजच्या यादीत जे नाव आपल्या प्रिंटरच्या सर्वांत जवळचे वाटले, ते त्याने निवडून पाहिले. कधी कधी तेवढ्यावर भागते, असे त्याचे म्हणणे. प्रिंटर घरघरला, दिवा लुकलुकला, आणि कागदामागून कागद बाहेर येऊ लागले — प्रत्येकावर वरच्या कडेला एकच ओळ. तीत इंग्रजी अक्षरे, कंस आणि तारे यांचा काला.

स्टुलावर बसलेल्या दत्तारामांनी एक कागद उचलून डोळ्यांजवळ नेला. खिळ्यांची केस उपडी झाली की अगदी असेच दिसायचे, असा निर्वाळा त्यांनी दिला. फक्त तेव्हा ते खिळे पुन्हा निवडत बसायला एक आठवडा जायचा. मंजुळा आणि जगन दोघेही हसले. हसता हसता एकमेकांकडे पाहिले गेले, आणि मग दोघांनाही प्रिंटरमधला कागद काढण्याचे एकदमच सुचले.

जहाज कंपनीतून फ्लॉपीवर आणलेला खरा ड्रायव्हर उद्या घालू, असे जगन म्हणाला. ती फ्लॉपी आणि सोबतची एक कोरी, अशा दोन्ही त्याने टेबलावर ठेवल्या, पिशवीही तिथेच ठेवली. यायचेच आहे, मग ओझे कशाला वाहायचे? मंजुळाला ते पटले. खरे तर तिला ते आवडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो उंबऱ्यातच खिळला.

खंडेनवमी होती. वर्षभर राबणाऱ्या हत्यारांना या दिवशी विसावा. त्यांची पूजा करायची, आणि दसऱ्याला पूजा हलवीपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. गिरण्या चालू होत्या तेव्हा दत्तारामांच्या खात्यात या दिवसांत मागांना आंब्याची तोरणे, झेंडूच्या माळा असत, आणि कामगारांची बायकामुले नवे कपडे घालून आत यंत्रे बघायला येत. लहानगी मंजुळा बापाच्या खांद्यावर बसून तो थाट बघून आली होती. पुढे गिरणी गेली. पण दत्तारामांची खंडेनवमी गेली नाही. आज त्यांनी टेबलावर धुतलेले पांढरे कापड अंथरले होते. मध्यभागी संगणक, शेजारी प्रिंटर, दोघांच्या माथ्यावर झेंडू. पुढे कात्री, कागद कापायचे पाते… आणि त्यांच्या पंक्तीला, उतरत्या उंचीने मांडलेले जगनचे सगळे स्क्रूड्रायव्हर, पक्कड, चिमटा. सर्वांत पुढे, जणू घरातली धाकटी भावंडे, त्या दोन फ्लॉप्या.

“पावण्याची हत्यारा घरात आसताना ती उपाशी कशी ठेवची?” दत्ताराम म्हणाले. “बस रे झिला. आज हात लावूचो नाय. शिरो खा.”

मग त्यांनी स्वतःच कौतुकाने समजावून सांगितले. गिरणीत मागावर सूत वाहून नेणाऱ्या धोट्याची पूजा करताना कुंकू ते लाकडाला लावत नसत. जिथून सूत धावते तिथे लावत. ज्या जागी काम होते, मान त्या जागेचा. या फ्लॉपीचे काम कुठे चालते, हे त्यांनी शोधून काढले होते. तिची पत्र्याची पट्टी बाजूला सरकते आणि आत काळी, चकचकीत तबकडी दिसते. त्या तबकडीवर त्यांनी पाण्यात कालवलेल्या कुंकवाचे बोट टेकवले होते. दोन्ही फ्लॉप्यांच्या तबकड्यांवर. भेदभाव केला नव्हता.

मंजुळाला त्यातले गांभीर्य पुरते कळले नाही, पण जगनचा चेहरा तिला दिसला. त्याच्या हातातला शिऱ्याचा घास क्षणभर तसाच राहिला. मग त्याने वर पाहिले — दत्तारामांच्या समाधानाने उजळलेल्या तोंडाकडे — आणि सावकाश म्हणाला, “बरोबर जागी लावलंत, काका.”

आणि त्याने घास खाल्ला.

पुढे आयुष्यभर मंजुळाला कोणी विचारले असते, की नेमका केव्हा जीव जडला, तर तिने याच घासाकडे बोट दाखवले असते.

दत्ताराम चाळीत प्रसाद वाटायला गेले. दार सताड उघडे होते, रस्त्यावरून झेंडूच्या हातगाड्या चालल्या होत्या. मंजुळाने विचारले, काय बिघडले ते खरे सांगा. जगनने सांगितले. त्या तबकडीवरच सगळे लिहिलेले असते, केसाएवढी धूळही तिला चालत नाही. दुसरी फ्लॉपी कोरीच होती, तिच्यावर प्रत काढून ठेवली नव्हती. जहाज कंपनीचे ऑफिस आज आणि उद्या बंद. दसरा झाला की परवा तो नवी प्रत आणेल. एक-दोन दिवसांचाच तर प्रश्न.

“परवा चालणार नाही,” मंजुळा म्हणाली.

आणि मग तिने त्याला सारे सांगितले — दसऱ्याची मुदत, गाळ्याची किल्ली, कुडाळचे स्थळ. सांगताना तिचा आवाज कुठे कापला नाही. ऐकताना त्याचा चेहरा मात्र उतरत गेला.

“एक सांगायचंय,” तो म्हणाला. “काल ती फ्लॉपी घालायला दहा मिनिटं लागली असती.”

“मग घातली का नाहीत?”

“घातली असती तर काम संपलं असतं.” तो थांबला. “आणि आज यायला… कारण उरलं नसतं.”

दुसऱ्या कोणत्याही दिवशी हे वाक्य तिने उशीखाली ठेवून जपले असते. आज ते तिला निखाऱ्यासारखे लागले.

“तुम्हाला एक दिवस जास्त हवा होता,” ती म्हणाली. “मला माझं उभं आयुष्य इथं काढायचंय.”

“मला ठाऊक नव्हतं.”

“विचारलं असतंत तर सांगितलं असतं.”

त्याने सफाई दिली नाही, की तो निघूनही गेला नाही. उठून तो पूजेपाशी गेला. दोन्ही हात पाठीमागे बांधून — चुकूनही कशाला लागू नयेत म्हणून — इतका वाकला, की नाक झेंडूला टेकले. बराच वेळ तो एकाच फ्लॉपीकडे बघत राहिला. मिठाईच्या कपाटापुढे उभ्या राहिलेल्या पोरासारखे ते दृश्य होते. मंजुळाला हसू येऊ लागले आणि त्याचाही तिला राग आला.

शेवटी तो सरळ झाला. कुंकू ओले लावले होते म्हणून बसले आहे, पसरलेले नाही. आणि कोणी घासलेले दिसत नाही, म्हणजे तबकडीवर चरा नसावा. उद्या पूजा हलली, की फ्लॉपीचे कवच उघडून तबकडी धुता येईल आणि कोऱ्या फ्लॉपीच्या कवचात घालून वाचता येईल. असे कोणी केल्याचे त्याने ऐकले होते. स्वतः कधी केले नव्हते.

“जमेल?”

“ठाऊक नाही,” तो म्हणाला. खोटा धीर दिला नाही, हे तिने मनात नोंदवून ठेवले.

त्यानंतर करण्यासारखे काही उरलेच नाही. राग धरून बसायलासुद्धा हाताला काहीतरी चाळा लागतो. आणि त्या दिवशी तर खोलीतल्या प्रत्येक वस्तूला विसावा होता. दुपार लांबत गेली. चहा झाला. त्याने आपल्या आईचे सांगितले. गुणवंती तिचे नाव, दादरच्या बाजारात मासळी विकते, आणि गिऱ्हाईक भाव पाडू लागले की त्याला त्याच्याच सुनेच्या नावाने टोमणे मारते. वडिलांच्या होडीचे इंजिन उघडझाक करता करता त्याला यंत्रांचे वेड लागले, ते टेक्निकल शाळेत जाऊन पक्के झाले. तिने खिळ्यांचे सांगितले. उलटे अक्षर वाचायची सवय अशी, की आरशातली दुकानांची नावे तिला सरळ दिसतात. तो म्हणाला, मग तुझ्यापासून काही लपवायची सोय नाही. ‘तुझ्यापासून’ म्हटले गेले हे दोघांच्याही ध्यानात आले, आणि दोघांनीही ते दुरुस्त केले नाही.

दसऱ्याच्या सकाळी दत्तारामांनी अक्षता वाहिल्या आणि सगळी हत्यारे जागची जराशी हलवली. मग जगनने त्यांना सांगितले, की ते कुंकू धुवावे लागेल.

दत्तारामांचे तोंड उतरले. “माझा काय चुकला?”

“तुमचं नाही, काका. पिशवी ठेवून जायचं काही कारण नव्हतं. मी ठेवून गेलो.”

दत्तारामांनी त्याच्याकडे पाहिले, मग लेकीकडे पाहिले, मग पुन्हा त्याच्याकडे. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून स्पिरिट आणि कापूस आणायला ते स्वतःच गेले.

जगनने पातळ पात्याने कवचाचे दोन भाग अलगद सुटे केले. आतली तबकडी पापडासारखी लवचीक होती. ती धुवायचे काम त्याने मंजुळाकडे दिले. वर्षानुवर्षे बारीक खिळे चिमटीत उचललेली तिची बोटे. कडेला धरायचे आणि अक्षराच्या तोंडाला लागू द्यायचे नाही, हे त्यांना वेगळे शिकवावे लागत नव्हते.

“घासू नकोस,” तो कुजबुजला. “टिपून घे.”

“कळतं मला.”

“कळतं म्हणूनच तुला दिलंय.”

कापसावर लाल रंग उतरत गेला. पहिल्यांदा गडद, मग गुलाबी, मग नुसता ओलावा. तबकडी पंख्याखाली वाळली. जगनने ती कोऱ्या फ्लॉपीच्या कवचात बसवली, कडा चिकटपट्टीने बंद केल्या आणि फ्लॉपी संगणकात सरकवली. कंट्रोल पॅनेल उघडले. प्रिंटर्स. यादीत नसलेला प्रिंटर. ए ड्राइव्ह. मंजुळाने कळ दाबली.

आतून करकर ऐकू आली, थांबली. पडद्यावर चौकट उमटली: फ्लॉपी वाचता येत नाही. खाली दोन बटणे, रिट्राय आणि कॅन्सल.

मंजुळाने रिट्राय दाबले. तीच करकर, तीच चौकट. पुन्हा दाबले. पुन्हा तेच. तिचे बोट कळीवरच राहिले. उचलावे तर उद्याची किल्ली, कुडाळ, मामा… दाबावे तर हे पुन्हा. दत्ताराम पाठमोरे होऊन दारातल्या रस्त्याकडे बघत होते.

तेव्हा जगनचा हात तिच्या हातावर आला. आज तो अर्ध्या वाटेवर थांबला नाही.

“आणखी एकदा,” तो म्हणाला. “दोघं मिळून.”

करकर सुरू झाली. लांबली. अडखळली… आणि मग तिचा सूर बदलला. चरख्यासारखा एकसंध झाला. पडद्यावर प्रिंटरचे नाव उमटले — जवळपासचे नव्हे, नेमके तेच. निळी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकू लागली. तिच्याबरोबर मंजुळाचा इतका वेळ कोंडलेला श्वासही हळूहळू सुटत गेला. पट्टी पूर्ण भरली, तेव्हा तिच्या लक्षात आले की हात अजून तिथेच आहे. तिने तो काढून घेतला नाही.

छापायचे काय, याचा विचार करावा लागला नाही. या छापखान्यातून निघालेल्या प्रत्येक पत्रिकेच्या माथ्यावर जे असायचे, तेच तिने मोठ्या देवनागरी अक्षरात टंकले: श्री. त्याखाली छापखान्याचे नाव. प्रिंटर घरघरला. कागद बाहेर आला — उबदार, कोरा करकरीत, आणि त्यावर काळेभोर, रेखीव श्री.

दत्तारामांनी तो दोन्ही हातांत घेतला. जुन्या सवयीने कागद उलटा करून त्यांनी मागून अंगठा फिरवला. ट्रेडलवर छापलेला कागद मागून बोटाला लागतो. हा लागला नाही. त्यांनी कागद पुन्हा सुलटा केला आणि उजेडात खूप वेळ बघितला.

“उठाव नाय हेका,” ते म्हणाले. मग पुढे म्हणाले, “पण अक्षर देखणा हा.”

मंजुळा थांबून राहिली. तिला बापाचा चेहरा वाचता येईना.

“समोरसून आईक फोन कर गो,” दत्ताराम म्हणाले. “म्हणावा, आजयेक घेवन इकडेच ये. आनि मामाक सांग, पोरगी मुंबयतच रवतली.” आणि डोळ्यांत काही गेल्यासारखे करून ते गाळ्याच्या मालकाकडे निघाले; त्याला उद्या उगाच हेलपाटा नको.

मंजुळा स्टुलावर बसली. तिला सुटल्यासारखे वाटत होते — डोक्यावरचा हंडा उतरवल्यावर मान कशी हलकी, जरा अनोळखी वाटते, तसे. तिला हसावेसे वाटत होते, रडावेसेही वाटत होते. तिने दोन्ही थोडे थोडे केले.

जगन पिशवी भरत होता. एक एक स्क्रूड्रायव्हर उचलून, कुंकू न पुसता, आत ठेवत होता. आणि इतक्या सावकाश ठेवत होता, की तेवढ्यात आणखी एक संगणक दुरुस्त झाला असता.

“मशीन चांगलं चालेल आता,” तो पिशवीत बघत म्हणाला. “कार्ड साफ आहे. ड्रायव्हर बसला. सहसा बिघडायचं नाही.”

“बरं.”

“म्हणजे माझं इथलं काम संपलं.”

“संपलं,” मंजुळा म्हणाली. ती उठून त्याच्यासमोर आली. “आता कारण शोधत बसू नकोस, जगन. काही लपवून, विसरून, ठेवून जाऊ नकोस. यावंसं वाटलं तर सरळ ये.”

“बिनकामाचा?”

“बिनकामाचाच ये.”

त्याने वर पाहिले. गेल्या दोन दिवसांतला सगळा अपराधीपणा त्याच्या चेहऱ्यावरून ओघळून गेला आणि खाली निव्वळ तो उरला — लॅमिंग्टन रोडवर ओठ मिटून हसणारा नव्हे, दिलखुलास हसणारा.

“मग मीही सरळच विचारतो,” तो म्हणाला. “मला तू आवडतेस. आज दसरा आहे. आईला सोनं द्यायला येशील माझ्याबरोबर?”

मंजुळा आईला फोन करून आली, केस नीट केले, आणि कोपऱ्यावरच्या बाईकडून आपट्याच्या पानांची एक जुडी घेतली. वाटेत दत्ताराम भेटले. कुठे निघालात, हे त्यांनी विचारले, जगनने सांगितले. ते क्षणभर आपल्या चपलांकडे बघत राहिले. मग एवढेच म्हणाले, की कोळीवाड्यात जाते आहेस तर उपाशी परत येऊ नकोस, ती माणसे रागावतात.

कोळीवाड्यात, समुद्राकडे तोंड केलेल्या ओट्यावर गुणवंती बसली होती. अंगात ठेवणीतले लुगडे, अंबाड्यावर अबोलीची ताजी वेणी. लेकाबरोबर परकी मुलगी बघून तिने डोळे बारीक केले. जगनने तोंड उघडले आणि त्याला शब्दच सापडेनात. दोन यंत्रांमध्ये बोलणे लावून देणारा तो माणूस दोन बायकांमध्ये ठार मुका झाला.

तेव्हा मंजुळाच पुढे झाली. तिने आपट्याची पाने गुणवंतीच्या हातात दिली, वाकून पाया पडली आणि आपले नाव सांगितले.

“मंजुळा,” गुणवंतीने ते नाव तोंडात घोळवले. “म्हंजे छापखान्याची गो तू?”

“तुम्हाला कसं ठाऊक?”

“कसा म्हंजे? दोन दिस घरान दुसरा नाव नाय. रातचा जेवला नाय मेला. इचारला तर बोलतो, आये, माज्यानं एका पोरीचा वाटोला झाला.” तिने लेकाकडे एक जळजळीत नजर टाकली. “झाला काय वाटोला?”

“नाही झालं,” मंजुळा म्हणाली. “निस्तरलं त्यानं.”

गुणवंतीने तिला पायांपासून डोक्यापर्यंत एकदा न्याहाळले — ताजी मासळी पारखावी तसे, नीट, घाई न करता. मग आपल्या अंबाड्यावरची अबोलीची वेणी सोडली, मंजुळाला खांद्याला धरून पाठमोरी केली आणि तिच्या केसांत ती माळू लागली.

“हलू नको,” ती म्हणाली. “आनि तू काय बगतंस रं? जा, पाट मांड तिला.”